भाऊजींच्या जिभेची परीक्षा

शनिवार, ८ मार्च. सकाळपासून ढगाळ, पाऊस नाही. पडदे धुतले. स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलून घेतला. भाऊजी तीनदा येऊन गेले. एकदा पेपर मागायला, एकदा तो परत द्यायला आणि एकदा नुसतेच. रात्री धाकटीकडे जेवायला गेलो.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. विद्यापीठाच्या रसायन विभागात भुकटी तोलायची खोली त्यांच्या ताब्यात आहे. त्या भुकट्या इतक्या बारीक असतात की डबीचं झाकण उघडलं तरी हवेत उडतात, आणि छातीत गेल्या की परत निघत नाहीत. म्हणून तिथे नाकातोंडावर रबरी मास्क लावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. भाऊजींना ती खोली भारी प्रिय. ते म्हणतात, अख्ख्या विद्यापीठात तेवढ्याच एका खोलीत प्राध्यापक लोक गप्प बसतात.

त्यांची बायको ही माझी जाऊ. पन्नाशी उलटली तरी घरात सगळे तिला धाकटीच म्हणतात. मनानं सोनं आहे. स्वयंपाकाचं मात्र काही विचारू नये. भाजीत मीठ असलं तर तिखट नसे, दोन्ही असलं तर भाजीच कच्ची असे. त्यात ती करताना कधी चाखून बघायची नाही. घरात एवढा जाणकार माणूस असताना आपण कशाला तोंड घालायचं, हे तिचं म्हणणं. स्वतः ती सगळ्यांच्या मागून दहीभातच खायची. पहिला घास भाऊजींचा. ते डोळे मिटायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, ‘वा, आज जमलंय.’ त्यावर बाकीच्यांनी काय बोलायचं? आमचे हे होते तेव्हा जिना उतरताना म्हणायचे, माझ्या भावाची जीभ संताची आहे. मग खाली येऊन ब्रेड मागायचे.

आता माझ्या लेकीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिनं घडवलं. ती त्याच विद्यापीठात सुरक्षा विभागात आहे. तिथे तिला बंदोबस्तबाई म्हणतात, तोंडावर नव्हे. दरवर्षी ती मास्क वापरणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा घेते. आधी डॉक्टरांचा दाखला, मग गुळगुळीत दाढी. एक मोठे प्राध्यापक दाढीवरच मास्क चढवून आले, तर तिनं त्यांना सरळ न्हाव्याकडे पाठवलं. मास्क कातडीला चिकटतो, केसांना नाही, केसांमधून हवेला रस्ता मिळतो, एवढंच ती म्हणाली. ते दुसऱ्या दिवशी आले तेव्हा शिपायानं त्यांना ओळखलं नाही.

परीक्षा अशी असते. डोक्यावर पारदर्शक टोप घालतात आणि त्याच्या भोकातून एका कडू औषधाचा फवारा सोडतात. पहिल्यांदा मास्क न लावता, जिभेला कडू कळतं की नाही ते बघायला. मग चूळ भरायची, मास्क लावायचा, एक पट्टा डोक्यामागे उंच, दुसरा मानेवर. पुन्हा फवारा. आता मान वर-खाली करायची, डावी-उजवीकडे वळवायची, कंबरेतून वाकायचं, मोठ्यानं एक उतारा वाचायचा. तेवढ्यात कडू लागलं तर मास्क गळतो आहे, दुसऱ्या मापाचा घ्यायचा.

आमचे भाऊजी दरवर्षी पहिल्या फटक्यात पास. त्याचं कारण मला परवा कळलं. तेही लेकीनं आणि भाऊजींनी वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांचं बरंचसं जुळलं.

भाऊजींना चव कळतच नाही. लग्नाआधी त्यांना मोठा ताप आला होता. त्यात जीभ गेली, नाकही गेलं, ती दोन्ही परत आली नाहीत. तिखट तेवढं कळतं, कारण ते झोंबतं. परीक्षेत ते मुद्दाम रांगेत मागे बसायचे, पुढच्यांची तोंडं कितव्या फवाऱ्याला वाकडी होतात ते बघायचे आणि आपली पाळी आली की तेवढ्याच फवाऱ्यांनी तोंड वाकडं करायचे. मास्क लावल्यावर तर प्रश्नच नाही. गळो वा न गळो, कडू लागणार कुणाला?

आधी परीक्षा दुसरे एक गृहस्थ घ्यायचे, त्यांचं लक्ष घड्याळाकडे असे. या वर्षी माझी लेक होती. तिला एक गोष्ट खटकली. पहिला फवारा झाला की बाकीचे सगळे नळाकडे धावतात. काका मात्र टोप काढून, केस नीट करून, हवापाण्याच्या गप्पा मारत उभे राहिले. ती म्हणाली, काका, नळी चोंदली होती वाटतं, पुन्हा घेऊ. आणि बाटली बदलली.

भाऊजींनी या वेळी जरा जास्तच जीव ओतला. डोळे घट्ट मिटले, जीभ बाहेर काढली.

“अगं, हे तर मघापेक्षा कडूजहर आहे.”

“काका, हे प्यायचं पाणी आहे.”

त्या दिवशी पोरीनं त्यांना भुकटीच्या खोलीत जाऊ दिलं नाही. तिच्याकडे जिभेवाचून होणारी एक परीक्षा आहे. मास्कला नळी जोडतात आणि आत किती धूळ शिरते ते यंत्र मोजतं. काल, शुक्रवारी, ते यंत्र आलं आणि भाऊजींचा नेहमीचा मास्क सपशेल नापास झाला. इतकी वर्षं ते एक माप मोठा मास्क लावून फिरत होते. लहान मापाचा पास झाला, खोली परत मिळाली. डॉक्टरांनी छाती तपासली, ती शाबूत निघाली. पोरगी सांगत होती तेव्हा चिडली होती की रडवेली झाली होती ते मला कळलं नाही.

पण ती तेवढ्यावर थांबली नाही. तिनं विचारलं, काका, सुट्टीच्या दिवशी काकू बाहेर असताना गॅस गळला, तर तुम्हाला वास येणार आहे का? घरात दुसऱ्या माणसाला हे माहीत असायलाच हवं, ती म्हणाली. रविवारपर्यंत काकूला तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते.

म्हणून या तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीत खुर्चीच्या कडेवर टेकून म्हणाले, “वहिनी, तुम्हीच सांगा ना. तुमच्यावर ती चिडत नाही.”

मी म्हटलं, मी शेजारी बसेन, बोलायचं तुम्ही.

“ती स्वयंपाक माझ्या एका शब्दावर करते हो. तो शब्दच खोटा निघाला तर तिनं करायचं काय?”

मी उठून चहा केला.

रात्री चौघं टेबलाशी बसलो. धाकटीनं सूप वाढलं आणि नेहमीप्रमाणे नवऱ्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. भाऊजींनी डोळे मिटले, मान डोलवली. लेकीनं टेबलाखालून त्यांना पाय मारला, तो मला लागला. मग त्यांनी चमचा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. ताप, जीभ, नाक, पाण्याची बाटली, काही सोडलं नाही.

धाकटी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“तुम्ही मला बघायला आलात तेव्हाचा केक?”

“कसा होता ते मला आजही माहीत नाही. पण तू दाराआडून बघत होतीस. मी वा म्हटलं आणि तू हसलीस. मग मी रोजच म्हणायला लागलो.”

तिनं आमच्याकडे मान वळवली. “यांना जीभ नव्हती. तुम्हा दोघींना काय झालं होतं?”

लेकीनं पाण्याचा पेला तोंडाला लावला. मी नॅपकिनची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

धाकटी उठली, नवऱ्याचा चमचा उचलला आणि उभ्याउभ्याच सूप चाखलं. थांबली. पुन्हा चाखलं.

“हे तुम्ही रोज जेवता?”

“मागून घेतो,” भाऊजी म्हणाले.

तिचा चेहरा आधी रडायच्या बेतात होता, मग तो वाकडा व्हायला लागला, आणि ती जी हसत सुटली ती टेबलाला धरून खाली बसली. भाऊजी बिचकत तिच्याकडे बघत होते. हसणं ओसरल्यावर तिनं भांडं उचलून परत शेगडीवर ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाली, आता कसंय म्हणून तुम्हाला विचारायचं नाही, तुम्ही फक्त मिठाचा डबा द्यायचा. ते डबा घेऊन तिच्या शेजारी उभे राहिले. दोघांची पाठ आमच्याकडे होती. ती चाखत होती, भांडत होती, पुन्हा चाखत होती, आणि आम्हाला दोघींना जेवायला फार उशीर झाला.

रात्री मी खाली आले तशी धाकटी मागोमाग आली आणि माझे मापाचे चमचे घेऊन वर गेली.