वडिलांची कावीळ

किडनी बदलल्यानंतर तिसऱ्या वर्षी माझ्या पापणीवर पिवळट गाठ आली. रांजणवाडी समजून मी महिनाभर ती शेकत बसलो, रोह्याला कंपनीतही तसाच जात राहिलो. शेवटी पेणच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. गाठ कर्करोगाची निघाली, पण पूर्ण काढता आली.

आईने दिलेली किडनी शरीराने नाकारू नये म्हणून मी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेतो. त्यांच्यामुळे कातडीवर अशा गाठी येऊ शकतात, हे मला ठाऊक होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी मात्र वेगळंच विचारलं, "घरात कुणाला आतड्याचा, गर्भाशयाचा कर्करोग?"

"नाही," मी ठामपणे म्हणालो. किडनीच्या वेळी फॉर्मवरही तेच लिहिलं होतं. वडील काविळीने गेले होते.

"घरी नीट विचारा. अशी गाठ कधी कधी वंशातल्या दोषानेही येते, त्याच दोषाने आतड्यात, गर्भाशयातही. तसं असेल, तर नात्यातल्या इतरांनाही तपासायला हवं."

आईला विचारलं, तर तीही कावीळ एवढंच म्हणाली, म्हणून मी पेणजवळ गडब गावी आत्याकडे गेलो. वडील गेल्यावर तिनेच मला ठेवून घेतलं, शिकवलं. घरातला पहिला पदवीधर मी तिच्यामुळे झालो. ती बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत होती.

"आत्या, बाबांना नक्की काय झालं होतं?"

"कावीळ."

"खरं सांग."

"शेवटाला कावीळच झालेली. आधी आतड्यात गाठ होती. तो शब्द घरात काढायचा नाय, असं ठरलेलं. पोरींची लग्नं व्हायची होती."

"आणि तुझी पिशवी काढली ती?"

"ती पन त्यानंच. ग्रॅज्युएट झालास तो आत्याची उलटतपासणी घ्यायला?"

मला हसू आलं, पण बोलावं लागलं. "मग ताईला सांगायला हवं."

ताई म्हणजे तिची लेक, कोलाडला दिलेली. आत्याचे हात थांबले.

"तिची सासू काय म्हनंल?"

"वेळेत तपासलं तर गाठ लहान असतानाच काढता येते. माझी पापणी बघ."

तिने चष्मा लावला, माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि बराच वेळ पाहिलं. मग हात धुतले. तांदळाच्या पिंपामागून प्लास्टिकची पिशवी काढून माझ्या हातात दिली. तिला वाचता येत नाही, पण ऑपरेशनचा एकही कागद तिने टाकला नव्हता.

"लाव फोन. स्पीकरवर ठेव. सासूला पन ऐकू दे."

त्या घरात तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. आत्याने तो दोनदा उच्चारला.

"आये, हे आता सांगतेस?" ताईचा आवाज चढला.

"व्हय, आता सांगते. सोमवारी याच्यासंगं मुंबईला जायचं. मी पन येते."

 तेवढ्यात ताईच्या मागून सासूबाई म्हणाल्या, "सोमवारपर्यंत कशाला थांबायचं गो? उद्याच जा. पोरांना मी बघते."

आत्याने चष्मा काढला आणि उरलेले वाल माझ्यापुढे सरकवले.