कंट्रोलचं गाव

"बाई, तुमचा प्रोग्राम फेल," साहेब म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले.

मी आणि आमचे डॉक्टर मोघे जिल्हा परिषदेच्या धुळ्याच्या ऑफिसात त्यांच्या टेबलासमोर उभे होतो. बसा म्हणायचं साहेबांच्या लक्षात आलं नव्हतं.

"ज्या गावात वर्षभर शिकवलंत तिथली मुलं सुधारली. ज्या गावात काहीच शिकवलं नाही, तिथलीही तेवढीच सुधारली. मग तुम्ही केलंत काय?"

"साहेब, मुलं सुधारली ना?" डॉक्टर म्हणाले.

"आपोआप सुधारली. त्याला प्रोग्राम कशाला लागतो? दत्तजयंतीच्या जत्रेपर्यंत काही वेगळं दाखवता आलं तर बघा. नाहीतर हे बंद. जत्रेतली सुदृढ बालक स्पर्धा जुन्या पद्धतीनेच होईल."

जुनी पद्धत म्हणजे जे मूल वजनाला जास्त, ते पहिलं. आमचं सगळं दुखणं त्या एका नियमात होतं.

जिल्हा परिषदा नुकत्याच झाल्या होत्या, त्या वेळची ही गोष्ट. नंदुरबार तेव्हा धुळ्याखालीच होतं. मी तापीकाठच्या आरोग्य केंद्रात हेल्थ व्हिजिटर होते. म्हणजे घरोघर जाऊन बायाबापड्यांना आणि लेकरांना बघणारी बाई. वर सातपुड्यात, मोलगीच्या बाजूला लेकरांच्या फासळ्या मोजता येत. तिथे आम्ही दुधाची पावडर पाठवायचो. आणि खाली आमच्या गावात कापूस, केळी, ऊस पिकवणाऱ्या गुजर शेतकऱ्यांची घरं. तूप, गूळ, दूध मुबलक, आणि त्यात ती स्पर्धा. स्पर्धेच्या आधी घरोघर लेकरांना असं भरवायचे की मूल रडायला तोंड उघडे आणि त्यात शिऱ्याचा घास जाई.

सगळ्यांत मोठा मल्ल होता मथुराबाईंचा नातू जगू. सलग दोनदा पहिला आलेला. दोन वर्षं उलटली तरी चालत नव्हता. चालायची गरजच काय होती? कडेवरून खांद्यावर आणि खांद्यावरून पाळण्यात, असा त्याचा प्रवास. रात्री छातीत घरघर. मांड्यांच्या घड्यांत कायम पुरळ.

डॉक्टर नवे होते, वयाने लहान होते आणि त्यांना स्पष्ट बोलायची खोड होती. मथुराबाईंच्या ओसरीवर बसून ते म्हणाले, "आजी, याचं वजन फार आहे. हा आजारी आहे."

मथुराबाईंनी नातवाला पदराखाली घेतलं. "डाक्टर, मन्हा नातूले नजर लावू नका. खातापिता घरना पोऱ्या शे."

आम्ही जगूच्या आईला केंद्रावर बोलावून समजावलं. तिने मान डोलावली आणि घरी जाऊन काहीच बदललं नाही. बदलणार कसं? त्या घरात लेकराला भरवायचा हक्क सगळ्यांना होता, फक्त तिला सोडून. आजोबा मळ्यात केळी द्यायचे, काकू दुपारी शिरा, आजी दर तासाला गूळ-तूप. तेव्हा डॉक्टरांनी ठरवलं, एकट्या आईला शिकवायचं नाही. सगळं घर एकदम ओसरीवर बसवायचं, बाप्यांसकट. मथुराबाईही कुरकुरत बसल्या. हाच आमचा प्रोग्राम. सांगणं साधं होतं. रडणं म्हणजे दर वेळी भूक नव्हे. लेकराला खाली सोडा, चालू द्या. मी एक वाक्य पाठ केलं होतं: "लेकरू म्हणजे कापसाची गाठ नव्हे, दाबून दाबून भरायला." जिनिंगच्या मुलखात ते चटकन समजायचं.

आता या शिकवण्याचा उपयोग झाला की नाही, ते कसं ठरवायचं? त्याला मूल्यमापन म्हणतात. त्यासाठी तसंच दुसरं एक गाव घ्यायचं, तिथे काहीच शिकवायचं नाही, आणि शेवटी दोन्ही गावांतली लेकरं ताडून बघायची. डॉक्टर त्याला 'कंट्रोल गाव' म्हणत. त्यांनी नकाशा बघून तापीच्या पलीकडचं गाव निवडलं. मध्ये नदी असल्यामुळे इकडचं शिक्षण तिकडे जाणार नाही, असा त्यांचा हिशोब.

पहिल्या वजनाच्या दिवशी मी नावेतून पलीकडे उतरले तर बाया पिशव्या घेऊन रांगेत उभ्या.

"बाई, कंट्रोलनी साखर कव्हय मिळी?"

त्या काळी कंट्रोल म्हणजे रेशन. कोतवालाने दवंडीत 'कंट्रोलचं गाव' म्हणून सांगितलं होतं. साखर नाही, लेकरांचं वजन करायचं आहे, हे कळल्यावर निम्मी रांग मोडली. उरलेल्यांना पुन्हा गोळा करताना माझा घसा बसला. त्यात लेकरांच्या अंगावर चांदी. वाळे, कडी, करदोटा. काट्याच्या झोळीत मूल ठेवलं की आधी दागिने उतरवा म्हणून विनवणी. एक आजी म्हणाली, करदोटा काढला तर पोऱ्या हलका दिसेल. मी म्हटलं, आजी, तेच तर बघायचंय.

एवढं करून निकाल आला तो साहेबांनी सांगितला तसा. दोन्हीकडे सारखाच.

धुळ्याहून एसटीने परत निघालो. दोंडाईचा मागे गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "बाई, बदली मागून घेतो."

"आधी पलीकडच्या गावात एक चक्कर मारते," मी म्हटलं. आपोआप काही होतं, यावर माझा विश्वास नव्हता. माझ्या नोकरीत सर्दीसुद्धा आपोआप बरी झाली नव्हती. तिचं श्रेय कुणी ना कुणी घेतलंच होतं.

दुसऱ्या दिवशी नावेतून पलीकडे गेले. काट्याशिवाय, नुसती पाहुणी म्हणून. धनुबाई नावाच्या एका म्हातारीच्या ओट्यावर चहा घेत होते. तिचा नातू अंगणात पडला आणि भोकाड पसरलं. सून लगबगीने गुळाचा खडा घेऊन आली. धनुबाईने तिचा हात धरला.

"ठेव तो गूळ. लेकरू म्हणजे कापूसनी गाठ नही, दाबी दाबी भराले."

मी बशी खाली ठेवली. हे वाक्य माझं होतं!

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मथुराबाईनी सांगं. तिनी आंडेर आठे देयेल शे ना."

मथुराबाईंची मुलगी याच गावात दिली होती. मथुराबाई दर बाजाराला नावेतून लेकीकडे यायच्या आणि शेजारी धनुबाईच्याच ओट्यावर वर्ग भरवायच्या. वर्गात आमचं शिकवणं होतंच, शिवाय पदरचंही बरंच होतं. दोन वर्षांच्या लेकराला खांद्यावर घेऊन हिंडणाऱ्या बापाला सरकार तालुक्याला बोलावतं, हे त्यांनीच जाहीर केलं होतं. गावातले बाप्ये त्या भीतीने लेकरांना चालवत होते.

मी तशीच परत फिरले आणि मथुराबाईंना गाठलं. जगू अंगणात बोकडामागे धावत होता.

"मथुराबाई, तुम्ही तर आमच्या डॉक्टरांना ओसरीवरून उठवत होतात. मग पलीकडे जाऊन शिकवायचं कुठून सुचलं?"

त्या थोड्या लाजल्या. मग खरं सांगितलं. पलीकडची विहीण कायम आपल्या नातवाच्या गालांची बढाई मारायची. इकडे जगू चालायला लागला, मग पळायला लागला. एकदा मथुराबाईंनी त्याला मुद्दाम सोबत नेलं आणि विहिणीच्या अंगणात सोडला. "मी तिले सांगं, तुमना पोऱ्या बठेल शे, मन्हा पळस." विहिणीला ते झोंबलं. आपला पोरगा कसा पळेल, असं तिने विचारलं आणि वर्ग सुरू झाला.

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा आधी ते हसले, मग कपाळाला हात लावला. "म्हणजे आमचं शिक्षण नदी ओलांडून गेलं. पण साहेबांना हे पटणार नाही. ते म्हणतील, पुरावा काय?"

"दुसरं कंट्रोल गाव घेऊ. जिथे आपलं काहीच पोचलेलं नाही असं."

असं गाव नकाशावर सापडेना. म्हणून मी पुन्हा मथुराबाईंकडे गेले. तुमची सोयरिक नाही असं गाव सांगा, म्हटलं. त्या विचार करत बसल्या. एका गावात भाची, दुसऱ्यात नणंद, तिसऱ्यात आत्याची जाऊ. शेवटी त्यांचा चेहरा कडक झाला.

"एक शे. पण त्यानं नाव लेऊ नका. तठे मी पाय ठेवाव नही."

सारंगखेड्याच्या याच दत्तजयंतीच्या जत्रेत, घोड्यांच्या बाजारात, त्या गावच्या एका माणसाने मथुराबाईंच्या सासऱ्यांना लंगडा घोडा गळ्यात मारला होता. घोडा मरून जमाना झाला होता, पण दोन गावांत लेकी देणं-घेणं आणि जेवणखाण बंद ते बंदच. डॉक्टर खूश. "असं भांडण आयुष्यात शोधून सापडलं नसतं!"

आम्ही लगेच तिथे वजनं घेतली, आणि जत्रेच्या तोंडावर पुन्हा घेतली. मधले महिने मला जड गेले. तिथली एक आई भेटली की विचारायची, "बाई, मन्हा पोऱ्या का चालस नही? काय करू?" तिला उत्तर मला माहीत होतं, पण देता येत नव्हतं. डॉक्टरांना म्हटलं, दुसरं वजन झाल्याच्या संध्याकाळीच मी इथे वर्ग घेणार, रिपोर्ट जाऊ दे खड्ड्यात. ते म्हणाले, "घ्या. मीही येतो."

निकाल स्पष्ट होता. भांडणाच्या गावातली लेकरं तशीच बसलेली, तशीच फुगत चाललेली. आमची दोन्ही गावं मात्र पळत होती. साहेबांनी कागद दोनदा उलटसुलट करून पाहिले. या वेळी बसा म्हणाले.

"पण ती नदी ओलांडणारी आजी? तिने तुमची तुलना बिघडवली."

"होय साहेब."

"तिला नोकरीत घेता येणार नाही का?"

प्रोग्राम चालू राहिला. जत्रेतल्या स्पर्धेचा नियमही बदलला. तंबूच्या दारातून परीक्षकांच्या टेबलापर्यंत मुलाने स्वतःच्या पायाने यायचं, मगच बाकीची तपासणी. बरीच मुलं वाटेतल्या रेवडीवाल्याकडे वळली, त्यांना परत आणायला माणूस ठेवावा लागला.

पण त्याआधीची एक गोष्ट राहिली. दुसरं वजन आटोपून आलो आणि त्याच संध्याकाळी भांडणाच्या गावात वर्गाला निघालो, तेव्हा मथुराबाई आमच्या बैलगाडीपाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात पानाची पिशवी.

"तुम्ही तिथे पाय ठेवणार नव्हतात ना?" मी म्हटलं.

"घोडा म्हातारासना व्हता. पोरेसना काय दोष?" त्या म्हणाल्या आणि चढून बसल्या.

वेशीवर गाडी थांबली तेव्हा ओळखून दोनचार बाप्ये उठून उभे राहिले. मग ती चालण्याबद्दल विचारणारी आई पुढे आली आणि तांब्या धरला. "पाणी ल्या, माय." मथुराबाईंनी तांब्या तोंडाला लावला, पाणी संपेपर्यंत खाली ठेवला नाही. मग लेकरासाठी हात पुढे करून म्हणाल्या, "आन तुन्हा पोऱ्या आठे."

पुढच्या वर्षी साहेबांनी पुन्हा मूल्यमापन मागितलं आणि नवं कंट्रोल गाव कोणतं म्हणून विचारलं. मी कळवलं की भांडणाच्या गावाची लेक मथुराबाईंच्या घरात सून म्हणून आली आहे, त्यामुळे या टापूत आता एकही गाव शिल्लक नाही.

माझ्या पेशातल्या नव्या मुलींना मी एवढंच सांगते. तुलनेचं गाव निवडायचं असेल तर नकाशा नंतर बघा, आधी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा कोणाची लेक कुठे दिली. आणि प्रोग्राम खरंच चांगला असेल, तर तो मोजायच्या आत पसरतो. रिपोर्टात तेवढी जागा मोकळी ठेवा.