मिलिंदचे ओरेकिएत्ते

फोन आला तेव्हा मी पुसदच्या शाळेत सातवीच्या वर्गावर होते. माझ्या धाकट्या भावाची, मिलिंदची बायको सुषमा बोलत होती. "ताई, तुम्ही या," एवढंच म्हणाली. मागून मायचं रडणं ऐकू आलं आणि मी वर्ग तसाच सोडून निघाले.

मिलिंद गोव्यातल्या एका हॉटेलात इटालियन आचाऱ्याच्या हाताखाली तयार झाला. बाबा गेल्यावर उमरखेडजवळच्या आमच्या गावी परतला तो ट्रंकभर पास्त्याची पाकिटं घेऊन. नळकांड्या, शंख, फुलपाखरं. एकेक प्रकार शिजवून त्यानं आम्हाला खाऊ घातला आणि शेवटी सगळे बाजूला सारून एकच निवडला, ओरेकिएत्ते, म्हणजे छोटे कान. "ताई, नळीवरून भाजी घसरते. कानात बसते," म्हणाला. तो पाकिटातला वापरायचाही नाही. रवा कोमट पाण्यात घट्ट मळायचा, त्याच्या बोटाएवढ्या वळ्या करायच्या, सुरीनं तुकडा कापून तसाच पाटावर ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा. माय बघत होती. "हे तं आपले खिरीतले नखुले होय रे बाप्पा! यासाठी इतक्या दूर गेलता काय?" मग तीही शेजारी बसली. तिचे कान त्याच्यापेक्षा लहान आणि सारखे व्हायचे, यावर दोघांचं रोज भांडण.

भाजी त्यानं इथलीच घेतली, मुळ्याचा पाला. तिकडे अशाच कडसर पाल्यात हे कान शिजतात म्हणे. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, भरपूर पाणी, त्यात मूठभर मीठ. त्याच पाण्यात आधी पाला, मग कान. दुसरीकडे पसरट कढईत तेल, लसूण, लाल मिरची. कान मधोमध दाताला किंचित लागतात तोच ते कढईत घ्यायचे, वरून डावभर तेच पाणी, आणि कढई हलवत राहायची, तेल-पाणी एकजीव होऊन कानांना चिकटेपर्यंत. उमरखेडच्या स्टँडजवळ खानावळ काढायचं त्यानं ठरवलं होतं. कापूस निघाला की.

यंदा कापूस डोक्याच्या वर गेला. बोंडअळी आली, औषधं लागू पडेनात, तेव्हा लोक दोन-तीन औषधं एकत्र कालवून फवारू लागले. झाडं उंच, त्यामुळे फवारा तोंडावरच यायचा. गावात शिरलं की आधी तो वास भेटायचा, मग माणसं. मिलिंद संध्याकाळी आंघोळ करून ओट्यापाशी उभा राहायचा, पण त्याच्या मानेला तोच वास.

एका रविवारी मी गेले होते. त्यानं लसूण टाकला आणि जरा वेळानं विचारलं, "ताई, लाल झाला काय वं?"

मला वाटलं, गंमत करतो. लसूण काळा पडला होता, घरभर जळका वास होता.

"तुले वास नाही येऊन राह्यला?"

"नाही न." तो कढईवर वाकला. "दिसतेही अंधुक. ऊन लागलं असंल."

सुषमानं गॅस बंद केला. मी म्हटलं, उद्या माझ्याबरोबर चल, डॉक्टरला दाखवू. "जाऊ न. खालचा तुकडा फवारायचा राह्यला फक्त," तो म्हणाला. त्या दिवशी त्यानं कान चाखले, मीठ घातलं, पुन्हा चाखले, पुन्हा घातलं. ताटातलं कुणालाच खाववेना. तो एकटा मान खाली घालून शेवटपर्यंत जेवला.

खालचा तुकडा संपायच्या आत तो धुऱ्यावर, बांधावरच पडला. सुषमाचा तो फोन तेव्हाचाच. उमरखेडहून यवतमाळला नेईपर्यंत शुद्ध हरपली होती...

तिथेच तो गेला. त्याच्या मागचं पुण्यानुमोदन झालं. उभं पीक सोडता येईना म्हणून सुषमाचा भाऊ राहुल दारव्ह्याहून आला. गेल्या आठवड्यात मी तिथेच होते. दुपारी तो फवारणी करून वावरातून आला, तोंड धुतलं, डोळे चोळले, पुन्हा धुतलं.

"काय झालं?" सुषमानं विचारलं.

"कचरा गेला असंल."

सुषमा हातातलं पीठ तसंच ठेवून उठली. "चाल."

"कुठं? अर्धं राह्यलं अजून, बाई."

"राहू दे. जळू दे तिकडं. तू चाल म्हणते न!" तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. भरल्या हातानंच तिनं त्याचं मनगट धरलं, फाट्यापर्यंत ओढत नेलं आणि मिळेल त्या एसटीत बसवलं. मी मागून पर्स घेऊन धावले. डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलं. म्हणाले, आज आणलं ते बरं केलं.

परवा राहुल बरा होऊन घरी आला. सुषमानं रवा मळला, मायला हाक मारली. माय पाटाशी बसली, पण तिचा अंगठा चालेना. कान वाकडेतिकडे होत गेले, तरी ती करत राहिली. पाणी उकळायला लागलं आणि शेजारच्या वावरात फवारणीचा पंप सुरू झाला. सुषमानं उठून खिडकी लावली, मग दार लावलं, दाराखाली ओलं पोतं सरकवलं. आत वाफ कोंडली, आम्ही चौघं घामानं भिजून गेलो. जेवण होईस्तोवर कुणीच दार उघड म्हणालं नाही.