आपांनी लातूरचा कोड टाकू दिला नाही

शमीम आपांची आणि माझी पहिली भेट लातूरच्या रक्तपेढीतल्या संगणक विभागात झाली. उमरीहून मी मुलाखतीला आलो होतो. "जावा येतं," असं त्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेबद्दल छाती फुगवून सांगितलं. विभाग सांभाळणाऱ्या आपांनी विचारलं, "लिहिता येतं का वाचता येतं?" आणि दुसऱ्याचा जुना कोड समोर ठेवला. तीन दिवस मी नुसता वाचत बसलो. न वाचता कुणाचं काम मोडीत काढायचं नाही, हा त्यांचा हट्ट तेव्हापासून मलाही चिकटला आहे.

पुढे नांदेड आणि लातूरच्या रक्तपेढ्या एका संस्थेखाली आल्या. दोन्हीकडचं सॉफ्टवेअर जावातलंच, पण घडण वेगळी. मोठ्या प्रोग्रॅममधल्या प्रत्येक भागाला दुसरे भाग लागतात आणि ते तयार करून हातात देण्याचं काम एक फ्रेमवर्क करतं. नांदेडला ते काम स्प्रिंग नावाचं फ्रेमवर्क करायचं, लातूरला ग्यूस नावाचं. बाहेरून आणलेल्या सल्लागारांनी तासाभरात निकाल दिला, की लातूरचं टाकून द्या. दुर्मिळ रक्तगटाचे दाते शोधायची सगळी अक्कल त्या कोडमध्ये होती. लातूरजवळच्या मुरुडचा कोणता दाता सुगीत येऊ शकत नाही, कुणाला फोन न करता घरी निरोप धाडावा लागतो, हे आपांनी वर्षानुवर्षं माणसांशी बोलून त्यात घातलं होतं.

"तुम्ही ते वाचलंच न्हाई. मग टाका कसं म्हणता?" आपा म्हणाल्या. दोन्ही फ्रेमवर्क एकाच अ‍ॅप्लिकेशनमध्ये नांदवून दाखवते, असं सांगून त्या बैठकीतून उठल्या.

आणि घात मी केला. रुग्णासाठी रक्ताची पिशवी राखून ठेवणारा भाग मी दोन्ही फ्रेमवर्कच्या कामात लिहिला. दोघांनीही आपापला वेगळा भाग तयार केला आणि राखलेल्या पिशव्यांच्या दोघांच्या याद्या वेगळ्या झाल्या. एकच दुर्मिळ पिशवी नांदेडच्या रुग्णालाही राखून ठेवली गेली आणि लातूरच्याही. दोन्हीकडच्या तंत्रज्ञांचं फोनवर बोलणं झालं म्हणून वेळीच कळलं, नाहीतर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो. सल्लागारांना आयतंच निमित्त सापडलं. बैठकीत त्यांनी विचारलं, चूक कुणाची? आपा उभ्या राहिल्या. "माझी. मी तपासलं न्हाई. पण चूक दुरुस्त करायची असते, घर पाडायचं नसतं."

बाहेर आल्यावर त्या मला एकच वाक्य बोलल्या, "उद्या येऊन राहिलास न्हवं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं: चुली दोन, रांजण एक. पिशवी राखणारा भाग स्प्रिंगच तयार करील आणि ग्यूसला लागला तर तो स्प्रिंगकडूनच मागून घेईल. प्रत्येक सामाईक भागाला एकच मालक. आम्ही एकेक भाग तपासत गेलो. आज नांदेडहून केलेली विचारणा लातूरच्या त्याच कोडमधून दाता शोधते. टाकून द्या म्हणणाऱ्यांनी पुढे त्याच व्यवस्थेची स्तुती केली. आपांनी त्यांना चहा पाजला. मी पाजला नसता.

आता आपा निवृत्त होत आहेत आणि 'जुनं लातूर काढून टाकू' ही कुजबुज पुन्हा कानांवर येते आहे. म्हणून आपांच्या या गौरवग्रंथाचा शिष्टाचार सोडून इथे छापील अक्षरांत सांगतो: आधी वाचा. वाचून झाल्यावरही टाकावंसं वाटलं, तर माझ्याशी भांडायला या. मी तयार आहे.

आपा, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत आणि आमचे दोष शोधणारी नजर अशीच तीक्ष्ण राहो. तुमची खुर्ची उद्या रिकामी होईल, तुमचा कोड निघणार नाही. त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, उद्या येऊन राहिलास न्हवं?

हाव, आपा. येऊन राहिलो.