पेपरातली काळी रेघ

दुष्काळाचं साल होतं. चिकलठाण्याच्या विमानतळामागं आमची नवी वसाहत. घरं भराभर उठली होती, नळ मात्र कोरडे. मी सातवीत होते. शाळेच्या टीव्हीवर उपग्रहाचं एक उड्डाण पाहिलं आणि तेव्हापासून उपग्रहांविषयी विचारून विचारून मी घरच्यांना नुसतं भंडावून सोडलं होतं.

त्या उन्हाळ्यात उपग्रहानं टिपलेलं आमच्या जिल्ह्याचं चित्र पेपरात आलं. आटत चाललेलं जायकवाडी धरण त्यात काळं दिसत होतं. काळं म्हणजे पाणी, असं खाली छापलेलंच होतं. मी आमची वसाहत शोधली. तिच्या कडेला एक बारीक काळी रेघ! वर तर थेंबभर पाणी नव्हतं, म्हणजे ते खालीच असणार. बाबांना म्हटलं, "आपल्या इथं जमिनीखाली नदी आहे."

वसाहतीसाठी बोअर घ्यायचं ठरत होतं. पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून मारुतीच्या पारापाशी जागा दाखवली होती. बाबा कचेरीतले साधे कारकून, चारचौघांत कधी आवाज न चढवणारे. पण सभेत ते हट्टाला पेटले आणि वसाहतीच्या कडेला मी दाखवलेल्या कुंपणापाशीच त्यांनी मशीन लावायला लावलं.

दिवसभर मशीन धडधडलं. निघाला तो दगडाचा भुगा. तो सगळ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन बसला.

"कुणाच्या सांगण्यावरून पाडलं हे भोक?" शेजारच्या काकांनी विचारलं. दाराआड मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझ्याच डोक्यातलं खूळ," बाबा म्हणाले.

पुढं कित्येक दिवस टँकरपाशी लोक त्यांना टोमणे मारायचे. पाणाड्याच्या जागेवरही नंतर भुगाच निघाला, पण त्याला कुणी काही बोललं नाही. बाबांनी मला एका शब्दानं दुखवलं नाही. उलट गुलमंडीच्या बाजारातून एक भिंग आणून दिलं. "नीट बघायला शीक," एवढंच म्हणाले.

शिकले. उपग्रहाची चित्रं वाचून भूजलाचा माग काढणं हेच आता माझं काम. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी आमच्या जिल्ह्याचं चित्र पडद्यावर उघडलं आणि हसावं की रडावं कळेना. ती काळी रेघ म्हणजे विमानतळाची डांबरी धावपट्टी होती. रोज आमच्या डोक्यावरून विमानं जात होती!

सुट्टीत घरी गेल्यावर बाबांना सांगितलं.

"व्हय, ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "बोअर कोरडं गेलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी कचेरीतला नकाशा त्या चित्राशी लावून बघितला."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"लई लहान होतीस. सांगितलं असतं, तर तू ते चित्र पुन्हा हातात धरलं नसतंस."