मुलीला बापाची ॲलर्जी

आमच्या मुलीला माझी ॲलर्जी आहे, असं आमच्या घरात चार दिवस सर्वानुमते मान्य झालेलं होतं. सर्वानुमते म्हणजे त्यात माझंही मत धरलेलं आहे.

मुक्ता सहा वर्षांची. आम्हाला ती उशिरा झाली. म्हणजे माझ्याबरोबरचे लोक मुलांच्या कॉलेजच्या प्रवेशाबद्दल बोलत होते, तेव्हा मी कसबा पेठेतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत दुपटी वाळत घालत होतो. उशिरा झालेल्या मुलाला सगळं जरा जास्तच मिळतं: खेळणी, सल्ले आणि आमच्या बाबतीत खोकला. दर दोन-तीन आठवड्यांनी तिची छाती भरायची, श्वासाबरोबर आतून बारीक शिट्टी वाजायची, शाळा बुडायची. जरा बरं वाटलं की पुन्हा शिट्टी. कुकरच्या शिट्ट्या तरी मोजून बंद करता येतात.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि पंप लिहून दिला. तोंडावर मास्क लावून ओढायचा तो.

"पण डॉक्टर, पंपाची सवय लागते म्हणतात," मी म्हणालो.

"तुम्हाला चष्म्याची लागलीय ना? मग कुठे काय बिघडलं?" त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "घरात कोणी सिगारेट ओढतं? उदबत्ती, डासांची कॉइल, कसला धूर?"

"छे. आमच्याकडे चहाशिवाय कसलं व्यसन नाही."

(आता धुरीचं म्हणाल, तर ते औषध आहे. करवंटीचा निखारा, त्यावर ओवा, लसणाची सालं, चिमूटभर वेखंड, वरून तुपाचे दोन थेंब. आमच्या आईनं मला दिली, तिच्या आईनं तिला दिली. धुरीचं नाव डॉक्टरांच्या यादीत येण्याचं काही कारणच नव्हतं.)

माझी बायको मेधा शाळेत विज्ञान शिकवते. मुक्ता तान्ही असताना एकदा तिनं ही धुरी पाहिली आणि म्हणाली, "अहो, ती मुलगी आहे, पापड नाही. पुन्हा हे करायचं नाही." मी होकार दिला. त्या होकाराचं मी पुढे काय केलं, ते येईलच.

मी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात मसाल्याच्या एका घाऊक पेढीवर माल पारखतो. पोत्यात हात न घालता, नुसत्या वासावर मिरची ब्याडगी की संकेश्वरी ते सांगतो. यार्डात माझ्या नाकाला मान आहे. त्यामुळे मुक्ताच्या खोकल्याचं मूळ हे नाक शोधून काढणार, याबद्दल मला शंका नव्हती.

आणि शोधणं तातडीचं झालं होतं. शाळेचं स्नेहसंमेलन तीन आठवड्यांवर आलं होतं आणि सुरुवातीचं स्वागत मुक्ताला मिळालं होतं. पडदा उघडला की माइकसमोर एकटीनं उभं राहायचं आणि पाहुण्यांपासून पालकांपर्यंत सगळ्यांचं स्वागत करणारं एक लांबलचक वाक्य म्हणायचं. बाईंनी मेधाला बोलावून सांगितलं, "आवाज खणखणीत आहे हो तिचा. पण मधेच खोकला आला तर पंचाईत. म्हणून वर्गातल्या ओवीलाही पाठ करायला दिलंय. नुसतं असू द्यावं म्हणून."

त्या दिवशी मुक्ता जेवता जेवता म्हणाली, "आई, ओवीला कधीच सर्दी होत नाही का गं?"

"का?"

"काही नाही. एकदा व्हायला पाहिजे ना तिला पण."

मी कामाला लागलो. पहिला संशय कबुतरांवर. वरच्या मजल्यावरचे निवृत्त आठवलेकाका रोज सकाळी गॅलरीत ज्वारी टाकत आणि पुण्यातली निम्मी कबुतरं न्याहारीला आमच्या डोक्यावर जमत. मी वर गेलो.

"काका, आपल्या कबुतरांमुळे आमच्या मुक्ताला खोकला होतो."

"माझी नाहीत ती."

"दाणे आपण घालता."

"दाणे माझे आहेत. कबुतरं स्वतंत्र आहेत." एवढं बोलून त्यांनी दार लावलं. पण माणूस मनाचा चांगला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ज्वारी बंद केली. मग भुकेली कबुतरं आठवडाभर त्यांच्याकडे आणि काका आठवडाभर माझ्याकडे बघत राहिले. मुक्ताचा खोकला होता तिथेच होता.

दुसरा नंबर गालिच्याचा, मग कापडी हत्तीचा, मग उशांचा. एका रविवारी मी घरातलं सगळं मऊ सामान पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं. मेधा बसायला गेली तर कोचावर गाद्याच नव्हत्या.

"आम्ही आता कशावर बसायचं?"

"दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे."

"शोधाचा की पाठीचा?"

डॉक्टरीणबाईंनी मात्र साधा उपाय सांगितला. एक वही घ्या, खोकला कधी आला, कुठे आला, एवढंच लिहा. हे काम मेधानं स्वतःकडे ठेवलं (माझ्याकडे दिलं असतं तर मी अनुक्रमणिकेपासून सुरुवात केली असती). ती घरी नसतानाचं ती मुक्ताला विचारून लिहायची. आठवडाभरानं तिनं वही माझ्यापुढे ठेवली. शाळेत खोकला नाही. मैत्रिणीकडे नाही. घरी सकाळी नाही, दुपारी नाही. संध्याकाळी मी घरी आलो की तासाभरात सुरू.

"अहो," मेधा शांतपणे म्हणाली, "सगळ्या नोंदींमध्ये एकच गोष्ट सारखी आहे. तुम्ही."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. मेधा संध्याकाळी सहा ते साडेसात शिकवण्या घेते, म्हणून ती घरी नसते. मी साडेपाचला घरी येतो. आणि सव्वासहाला, मेधा कोपऱ्यावर वळलेली गॅलरीतून नीट पाहून घेतल्यावर, मी मुक्ताला धुरी देतो आणि मेधा परत यायच्या आत खिडक्या उघडून वास घालवतो. म्हणजे खोकला आहे म्हणून धुरी. धुरी देऊनही खोकला थांबत नाही, म्हणजे धुरी कमी पडतेय. म्हणून दर आठवड्याला ओवा वाढव. एवढा सरळ विचार माझ्या डोक्यात चालू असताना वही पाहून मला काय सुचलं असेल?

"मिरची," मी म्हणालो. "माझ्या कपड्यांवर यार्डातली मिरचीची धूळ येते. तीच."

मेधालाही ते पटलं. विज्ञानाला पटलं म्हटल्यावर मला कोण अभिमान. दुसऱ्या दिवसापासून नियम झाला: दाराबाहेर कपडे बदलायचे, यार्डातले कपडे पिशवीत, पिशवी जिन्यात, मी सरळ न्हाणीघरात. पहिल्याच दिवशी मी बनियन आणि टॉवेलवर जिन्यात उभा असताना आठवलेकाका वर चढत होते. थांबले. खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"घराबाहेर काढलं?"

"नाही हो. मुक्ताच्या खोकल्यासाठी."

"अस्सं," ते म्हणाले. "आणि मी तिकडे कबुतरं उपाशी ठेवली."

तीन दिवस मी जिन्यात कपडे बदलले, कडकडीत पाण्यानं अंघोळ केली, आणि मग स्वच्छ होऊन, स्वच्छ हातांनी धुरी दिली. तीन दिवस संध्याकाळी शिट्टी वाजली. चौथ्या दिवशी मेधानं माझी बॅग भरली.

"संमेलन शनिवारी आहे. तोवर तुम्ही कर्वेनगरला ताईंकडे राहा."

"माझ्यात म्हणजे अगदी अंगभूत काही असेल असं वाटतं तुला?"

"लग्न झाल्यापासून वाटतंय. आता वहीत आलं."

कर्वेनगरला माझी थोरली बहीण असते. तिनं दार उघडलं, बॅग पाहिली.

"काय केलंस आता?"

"मुक्ताला माझी ॲलर्जी आहे."

"एवढंच ना? मला लहानपणापासून आहे. चहा घेणार?"

आणि मुक्ता बरी झाली. पहिल्या दिवशी शिट्टी निम्म्यावर आली, दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवशी ती तीन जिने धावत चढली. मेधा फोनवर सांगत होती आणि तिच्या आवाजात इतका आनंद होता की मला मधेच विचारावंसं वाटलं, तो मुक्ता बरी झाल्याचा आहे की मी नसल्याचा. विचारलं नाही. मुक्ता व्हिडिओवर दिसली. तिनं ते लांबलचक वाक्य एका दमात म्हणून दाखवलं आणि म्हणाली, "बाबा, तू तिकडेच राहा हं. मला बरं वाटतंय."

तिचं हे ऐकल्यावर मी ताईकडची पोळी ताटात तशीच ठेवली. लहान मुलं खरं बोलतात, याचं कौतुक करणाऱ्यांची मुलं बहुधा त्यांच्याशी बोलत नसावीत.

पण शुक्रवारी मुक्ताच म्हणाली की उद्या बाबा पाहिजे. दोनदा अंघोळ आणि कोरे कपडे या अटीवर मला घरात घेण्यात आलं. मेधा संध्याकाळी संमेलनाचा पोशाख आणायला शाळेत गेली. मुक्ता आणि मी घरी. तिची छाती स्वच्छ. आणि इथे माझ्या डोक्यात आलं, की स्वच्छ आहे तर ती तशीच राहायला हवी. उद्या माझ्यामुळे काही झालं तर? आधीच बंदोबस्त केलेला बरा. मी करवंटी पेटवली आणि चार दिवसांच्या खाड्यासकट सगळा ओवा एकदम टाकला.

मेधा पोशाख घेऊन आली तेव्हा मुक्ता कोचाच्या लाकडी फळीवर वाकून बसली होती. दोन शब्दांच्या मधे श्वास घेत ती म्हणाली, "आई... उद्या... ओवी... बोलणार का?"

रिक्षा करून आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दवाखान्यात तिला वाफेचं औषध लावलं. हळूहळू खांदे उडायचे थांबले, ओठांवर रंग आला. डॉक्टरीणबाईंनी मास्क काढून विचारलं, "काय गं, आज काय केलंस घरी?"

"बाबानं धुरी दिली," मुक्ता म्हणाली. "रोज देतो. स्टुलावर बसवतो, वरून चादर घालतो आणि खालून धूर सोडतो. आईला सांगायचं नसतं."

मेधा माझ्याकडे वळली नाही. ते जास्त वाईट.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "चादर कशाला?"

"धूर वाया जाऊ नये म्हणून," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही कामाला कुठे असता?"

"मसाल्यात. वासावरून माल पारखतो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पंपाच्या वेळा त्यांनी मेधाला सांगितल्या. मला सांगितल्या नाहीत.

शनिवारी संध्याकाळी आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. मुक्तानं सकाळी पंप घेतला होता, निघताना घेतला होता. दिवसभर शिट्टी नव्हती. पडदा उघडला. एका बाजूला पाहुण्यांची टेबलं, दुसऱ्या बाजूला ओवी, वाक्य पाठ करून तयार, आणि मधोमध माइकसमोर आमची मुक्ता, परकर-पोलक्यात. तिच्या शेजारीच सरस्वतीचा फोटो आणि त्यापुढे उदबत्त्यांचा जुडगा. चांगल्या वीस-पंचवीस. त्याचा धूर वर जाऊन सावकाश माइककडे वळत होता.

काल रात्रीपासून मी धुराचा कट्टर शत्रू झालो होतो. मी उठलो, पायऱ्या चढलो आणि तो जुडगा उपटला. विझवायला जागा दिसेना. प्रमुख पाहुण्यांपुढे पाण्याचा ग्लास होता. त्यात बुडवला. चुर्र झालं.

मुख्याध्यापिका उठल्या. "अहो, आपण कोण?"

"पालक."

"ते दिसतंच आहे. कुणाचे?"

मी उत्तर देणार तेवढ्यात मुक्तानं माइक तोंडाजवळ ओढला.

"बाबा तू आता खाली जाऊन आईशेजारी गप्प बस कारण मी पंप घेतलाय आणि मला अजिबात खोकला येत नाहीये आणि सगळे तुझ्याकडे बघतायत आणि मला स्वागत करायचंय."

एका दमात. मधे श्वास नाही, शिट्टी नाही. शेवटच्या रांगेपर्यंत शब्दन् शब्द पोचला, आणि मग सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. मी ओल्या उदबत्त्यांसकट खाली आलो आणि मेधाशेजारी बसलो. डोळे पुसत होतो, त्यामुळे नीट दिसत नव्हतं.

"ऐकलंस?" मी म्हणालो. "काय टाळ्या पडल्या तिच्या वाक्याला."

"वाक्याला नाही," मेधा म्हणाली. "तुम्ही खाली उतरलात, त्याला."