टोपी काढणारा साहेब

भिलाईत दोन जुनी माणसं भेटली की तिसरा येऊन बसायच्या आत किस्से सुरू होतात. पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हाचे! कोणाकडे रशियनांचे असतात, कोणाकडे भट्टीचे, कोणाकडे नुसते धुळीचे. माझ्याकडचे सगळे एकाच माणसाचे आहेत. लोक ऐकतात, पोट धरून हसतात. शेवटचा मात्र मी सहसा सांगत नाही. आज सांगून टाकतो.

माणूस म्हणजे कीगन साहेब, आयर्लंडचा. तरुणपणी तिकडच्या क्रांतिकारकांबरोबर बंदूक घेऊन इंग्रजांशी लढला. नंतर सिनेमे काढायला लागला आणि त्यातच बुडाला. साठीच्या तोंडावर मुंबईच्या एका कंपनीतर्फे आमच्या बांधकामाची फिल्म काढायला आला. त्याच्या युनिटमध्ये आम्ही दोघंच. बोरकर कॅमेरा चालवायचा. तो नागपूरचा, आधी लग्नाचे फोटो काढायचा. आणि मी टायपिस्ट कम दुभाष्या. ऑफिस म्हणजे पत्र्याची एक शेड.

*

पहिल्याच दिवशी कारखान्याच्या बडेबाबूने साहेबाच्या फॉर्मवर राष्ट्रीयत्व म्हणून ‘इंग्रज’ लिहिलं. गोरी कातडी, इंग्रजी बोलणं, दुसरं काय लिहिणार? साहेबाने फॉर्म हातात घेतला, वाचला आणि शांतपणे चार तुकडे केले. मग मला म्हणाला, याला सांग, मी वीस वर्षांचा असताना इंग्रजांवर गोळ्या झाडल्यात.

मी सांगितलं. बडेबाबूने दुसरा फॉर्म काढला.

“मंग आपलाच मानूस आहे म्हना ना,” तो म्हणाला. “चहा सांगा यायले.”

*

गेटपासला फोटो लागायचा. आणि हा माणूस फोटो काढू देईना! दुनियेवर कॅमेरा रोखणारा, स्वतःवर रोखला की हात आडवा धरायचा. बोरकर तीन दिवस मागे लागला होता. साहेब म्हणायचा, आमच्या टोळीत नियम होता. फोटो पोलिसांच्या हाती लागला की माणूस गेला. चाळीस वर्षं झाली, इंग्रज गेले, तरी त्याची सवय जाईना.

शेवटी बोरकरने वैतागून तो पाठमोरा असताना फोटो काढला. तोच पासवर चिकटवला आणि कसा कोण जाणे, त्यावर शिक्काही बसला. त्यानंतर गेटवरचा शिपाई रोज सकाळी साहेबाला उलटं फिरवायचा, पास बघायचा, मान बघायचा आणि सलाम ठोकायचा.

*

कच्ची फिल्म मुंबईहून यायची, तीही मोजून दोन-चार डबे. इकडे प्रत्येक अधिकाऱ्याला वाटायचं, आपला शॉट व्हावा. नाही म्हटलं तर जीप मिळत नसे. म्हणून साहेबाने एक युक्ती काढली होती. असा कोणी आला की साहेब अदबीने टोपी काढायचा. ती बोरकरला खूण. टोपी निघाली की बोरकर रिकामा कॅमेरा चालवायचा. घर्रघर्र आवाज तोच. अधिकारी फुलून जायचा, की गोरा साहेब भर उन्हात आपल्यासाठी टोपी काढतो!

“दुनिया टोपी घालते,” बोरकर म्हणायचा, “आपला साहेब काढते.”

अर्ध्या भिलाईचं शूटिंग आम्ही असं फुकटात केलं.

*

एकदा एक बडे अधिकारी आपला शॉट बघायलाच आले. झाली का पंचाईत! शॉट होता कुठे? बोरकरने खिडक्यांना काळं कापड लावलं आणि मुंबईहून धुऊन आलेल्या फिल्ममधला, लांबून घेतलेला एक तुकडा प्रोजेक्टरवर लावला. त्यात क्रेनजवळ कोणीतरी ठिपक्याएवढा माणूस उभा होता.

अधिकारी पुढे वाकले, बघितलं, मान डोलावली. म्हणाले, छान आलोय, पण पोट जरा जास्त दिसतंय.

बोरकर आणि मी हसून लोळलो. साहेब हसला नाही. माणूस काय बघायला येतो आणि काय बघून जातो, असं काहीतरी पुटपुटला. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

*

नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीवर जाताना एकदा जीप बंद पडली. बोरकर मेकॅनिक आणायला पायी गेला. साहेब आणि मी मोहाच्या झाडाखाली बसलो होतो. मी सहज विचारलं, लढाई सोडून सिनेमात कसे आलात?

तो म्हणाला, त्याचा एक जिवलग मित्र होता. दोघं एका वळणावर दबा धरून बसले होते, हाताच्या अंतरावर. मित्राला गोळी लागली. पुढे लढाई संपल्यावर मित्राच्या आईने निरोप पाठवला, एखादा फोटो असेल तर द्या. टोळीत फोटो काढत नसत. एकही नव्हता. म्हातारी दोन वर्षं विचारत राहिली आणि याने उत्तरच दिलं नाही. मग ती गेली.

“आता त्याचा चेहरा आठवायला गेलो तर मलाही दिसत नाही,” साहेब म्हणाला. “म्हणून मी कॅमेरा धरला.”

हा काही किस्सा नव्हे, मला कळतं. पण हा सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

*

डोमा मेश्राम रिगर होता, भंडाऱ्याकडचा. उंच लोखंडी सांगाड्यावर चढून तुळया बसवायचं काम. आम्हाला वर चढायला दोर बांधून द्यायचा, कॅमेरा खांद्यावर न्यायचा आणि कधी काही मागायचा नाही. एक दिवस तो पांढरा शुभ्र सदरा घालून आला. नागपूरला दीक्षा घ्यायला गेला तेव्हा शिवलेला, घडी करून ठेवलेला.

“साहेबाले म्हना, माया एक फोटो घ्या जी. चालता-फिरता,” तो मला म्हणाला. “घरी पोरगी आहे. तिले दाखोता येईन.”

शेवटचा एकच डबा उरला होता आणि दुसऱ्या दिवशी भट्टी पेटायची होती. साहेबाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, याला काय कळतंय! हो, मीच म्हणालो. साहेबाने टोपी काढली.

डोमा शिडी चढून दहा फूट वर गेला, वळून हसला, हात जोडले. बोरकरचा कॅमेरा घरघरत होता. डोमा उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी अजून विसरलेलो नाही. गोऱ्या माणसाने त्याच्यासाठी टोपी काढली होती. त्याच्या गावात लोक त्याची सावलीही टाळायचे.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात डोमा वरून पडला. जागच्या जागी गेला.

*

महिन्याने त्याची बायको सगुणा शेडवर आली. कडेवर पोरगी, दोनेक वर्षांची. घरात नवऱ्याचा एकही फोटो नव्हता. त्याने घरी सांगितलं होतं, माझी फिल्म झालीय म्हणून. ती म्हणाली, एकडाव दाखवा.

मी म्हणालो, फिल्म मुंबईला धुवायला गेलीय. पुढच्या सोमवारी ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. दर सोमवारी बाजार करून यायची, पिशवी दाराशी ठेवायची आणि उभी राहायची. साहेब तिला पाहिलं की आत जाऊन डबे उघडून बसायचा. एखादा तुकडा, चुकून एखादी चौकट! सगळी फिल्म त्याने भिंगातून तपासली. बोरकर रडकुंडीला आला, की मी नेहमीसारखाच तुमचा हुकूम पाळला हो.

सगुणा पहिल्यांदा आली त्या दिवसापासून साहेबाने टोपी घातली नाही. वैशाख होता. टाळू सोलून निघाली.

पाचव्या सोमवारी साहेब स्वतः म्हणाला, तिला आत बोलाव. खिडक्यांना काळं कापड लागलं. रीळ त्यानेच चढवलं. पडद्यावर चिमणीच्या सांगाड्यावर लांबवर एक रिगर चढत होता. पाठमोरा, खाकी शर्ट. कोण होता देव जाणे. अर्धा मिनिट चढला आणि तुकडा संपला.

सगुणा पडद्याकडून माझ्याकडे वळली. मग हळूच मला म्हणाली, “त्यायनं पांढरा सदरा घातला होता जी.”

साहेबाने मला विचारलं, काय म्हणते?

ओळखलं म्हणते, मी म्हणालो.

सगुणाने डोळे पुसले, पदर नीट केला आणि पोरीला पडद्यासमोर उभं केलं. मला म्हणाली, आखीन एकडाव लावा. साहेबाने रीळ पुन्हा लावलं. ती पोरीमागे बसली, तिचं बोट धरून पडद्यावर टेकवलं.

“पाय बाई, थो तुया बाप,” ती म्हणाली. “अन् हे साहेब. यायनंच त्यायले टोपी काढली होती.”